हा फोल्डर रिकामा आहे

सोमवार, ३ मार्च

ही वही ओरडण्यासाठी आहे. तसं हिनेच ठरवलं. परवा औषधांच्या दुकानात मी आवाज चढवला, तेव्हा हिने बाही धरून मला बाहेर काढलं आणि शेजारच्या दुकानातून ही दोनशे पानी वही विकत घेतली. "यात ओरडा," म्हणाली. "रक्तदाब वाढायचा नाही आणि लोकही वळून बघायचे नाहीत."

तर ओरडतो.

१९ तारखेला हिच्या घशाचं ऑपरेशन आहे. गाठ काढायची तर स्वरयंत्रही काढावं लागेल, असं सर्जन म्हणाले. हिने फक्त विचारलं, "जेवता येईल ना?" येईल म्हणाले. बोलण्याबद्दल हिने काही विचारलं नाही. मी विचारणार होतो, पण माझं लक्ष त्यांच्या टेबलावरच्या पंख्याकडे गेलं. त्याची जाळी उलटी बसवलेली होती. ती मी त्यांना दाखवली.

रुग्णालयात बोलण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई आहेत. सगळे त्यांना 'बोलायच्या बाई' म्हणतात. त्यांनी एक पेनड्राइव्ह, एक माइक आणि चौदा पानांची पुस्तिका दिली. पेनड्राइव्हमध्ये एक प्रोग्राम आहे. तो साडेतीनशे वाक्यं हिच्या तोंडून ऐकतो आणि तिचा आवाज शिकून घेतो. ऑपरेशननंतर हिने टॅबवर काहीही लिहिलं, की ते हिच्या आवाजात बोललं जाणार. हिच्याच आवाजात, बाजारातून आणलेल्या कुणा मशीनच्या नाही.

हे काम माझं आहे, कारण पुस्तिका हा माझा धंदा होता. पंपांच्या कारखान्यात एकतीस वर्षं मी त्या लिहिल्या. पंप कसा बसवावा, कसा खोलावा, कसा पुसावा. माझ्या पुस्तिकेत नट डावीकडे म्हटलं की तो डावीकडेच असायचा. छापायला जाण्याआधी मी स्वतः खाली जाऊन एकेक पायरी हाताने करून बघायचो. कामगार मला पायरीबुवा म्हणायचे. चिडवायला म्हणायचे, पण म्हणायचे.

आणि ही पुस्तिका! पायरी ३ म्हणते, उजव्या कोपऱ्यातलं हिरवं बटण दाबा. उजव्या कोपऱ्यात काहीच नाही. बटण डावीकडे आहे आणि ते निळं आहे. आकृती ४ मधला पडदा मला अजून भेटलेला नाही. पायरी ५ म्हणते, 'आता तुम्हाला डेस्कटॉपवर आवाज नावाचा फोल्डर दिसेल. तुमची सर्व रेकॉर्डिंग त्यात साठवली जातील.' दिसला नाही. खाली बारीक अक्षरात टीप: 'न दिसल्यास स्वतः तयार करावा.'

हे म्हणजे मी पंपाच्या पुस्तिकेत लिहायचं, की झाकण न आढळल्यास स्वतः ओतून घ्यावं. तळपायाची आग मस्तकात गेली. पण टीप ती टीप. फोल्डर तयार केला, 'आवाज' असं नाव दिलं. एकूण वेळ दोन तास दहा मिनिटं. पुस्तिकेत लिहिलंय, दहा मिनिटं.

मंगळवार, ४ मार्च

पहिली पस्तीस वाक्यं झाली. रोज पस्तीस, म्हणजे १३ तारखेला साडेतीनशे. मी तक्ता केला आहे.

ही लॅपटॉपसमोर बसते, मी बाजूच्या खुर्चीत पुस्तिका मांडीवर घेऊन. वाक्य झालं की मी तक्त्यावर खूण करतो. खिडकी बंद, पंखा बंद, फ्रिजचं बटण बंद. फ्रिज बंद केल्यावर दूध नासलं, त्यावरून ही मला बोलली. तेही रेकॉर्ड झालं असतं, पण तेव्हा माइक बंद होता.

वाक्यं कुणी लिहिली देव जाणे. 'ठेंगण्या माकडाने झाडाखाली छत्री उघडली.' 'ज्ञानी ढोलकीवाल्याला ऋण नको होते.' म्हणे सगळे उच्चार यायला हवेत. ही माकडाच्या छत्रीपाशी तीनदा हसली आणि तीनदा ते वाक्य पुन्हा घ्यावं लागलं. मी म्हटलं, "हसण्याचं वाक्य यादीत नाहीये."

एकदा मध्येच म्हणाली, "अहो, वाक्य झालं की इथे खाली करड्या अक्षरात काहीतरी येतंय. 'जतन केले' आणि पुढे लांबलचक काहीतरी. त्यात 'आवाज' कुठे दिसत नाही."

"तू वाक्यं वाच. कुठे काय जातंय ते बघायला मी बसलोय."

"पण बघा तरी. खाली बघा."

मी वाचायचा चष्मा लावून पुस्तिका बघत होतो. त्या चष्म्यातून पडद्याचा तळ दिसत नाही. शिवाय पायरी ११ स्पष्ट म्हणते: 'सर्व वाक्ये पूर्ण होईपर्यंत आवाज फोल्डर उघडू नये, फाइल खराब होण्याची शक्यता असते.' नियम म्हणजे नियम. मी पस्तिसावी खूण केली आणि लॅपटॉप मिटला.

गुरुवार, ६ मार्च

एकशे पाच. तक्त्याप्रमाणे.

प्रोग्राममध्ये 'स्वतःची वाक्ये' असं एक बटण आहे. हिला ते दाबायचं होतं. मी सांगितलं, आधी साडेतीनशे, मग तुझी. पुस्तिकेत तोच क्रम आहे. ही म्हणाली, "मला तुमच्याशी भांडायला लागणारी चार वाक्यं आधी साठवू द्या हो." मी म्हटलं, मशीन एकदा आवाज शिकलं की तुला हवं ते भांडण टाइप करता येईल. त्यावर म्हणाली, "टाइप करून होईपर्यंत तुम्ही दुसऱ्या खोलीत गेलेले असाल."

वरच्या मजल्यावर कुणीतरी भिंतीला भोक पाडत होतं. जिना चढून गेलो आणि त्यांना दोन शब्द सुनावले. दोनपेक्षा जास्त असतील.

रविवार, ९ मार्च

दोनशे दहा. वीस वाक्यांनंतर हिचा आवाज बसतो. मग गरम पाणी, दहा मिनिटं, पुन्हा पाच. तरी पस्तीस पुरी करतो.

दुपारी पुतणीचा फोन आला. माझ्या धाकट्या भावाची मुलगी, दुसऱ्या गावात कॉम्प्युटरचंच काम करते. म्हणाली, "काका, एकदा फोल्डर उघडून बघा ना. एक फाइल वाजवून बघा."

मी पायरी ११ वाचून दाखवली.

"काका, नुसतं उघडल्याने फाइल खराब होत नसते."

"मग लिहिलंय कशाला? लिहिणारा मूर्ख आहे का?" असं मी म्हणालो. आणि गेला आठवडाभर मी तेच म्हणतो आहे, की लिहिणारा मूर्ख आहे. पण मूर्ख असला तरी त्याने हा प्रोग्राम जवळून पाहिलेला आहे, मी नाही. पुस्तिका न पाळणाऱ्यांचं काय होतं ते मी एकतीस वर्षं पाहिलंय. जळालेली मोटर घेऊन येतात आणि म्हणतात, आम्हाला वाटलं चालेल.

ही कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर होती. बावीस वर्षं. मी हिला पहिल्यांदा पाहिलं ते भांडायला गेलो म्हणून. तीनदा चुकीच्या विभागात फोन जोडला होता. बोर्डाच्या खोलीचं दार उघडलं, तर कानाला हेडफोन लावलेली ही मुलगी कुणाला तरी सांगत होती, "थांबा, एक चिडलेले साहेब आलेत, त्यांना आधी जोडते." कशाला लिहितोय हे? आजची नोंद दोनशे दहाची आहे.

नळ पुन्हा गळतोय. दोनदा वॉशर बदलला. सगळं जग गचाळ काम करतं.

गुरुवार, १३ मार्च

साडेतीनशेवं वाक्य सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी झालं. 'उद्या सकाळी आपण सगळे लवकर निघू.' हिने खुर्चीत मागे डोकं टेकलं. मी तक्त्यावर शेवटची खूण केली आणि खाली तारीख घालून सही केली. मग पायरी १२ प्रमाणे फोल्डर उघडला.

'हा फोल्डर रिकामा आहे.'

बंद करून पुन्हा उघडला. लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला. चष्मा बदलला. रिकामा.

साडेतीनशे वाक्यं, दहा दिवस, हिचा सुजलेला घसा. आणि कुठल्या तरी इमारतीत बसून त्या माणसाने आरामात लिहिलं, की सर्व रेकॉर्डिंग यात साठवली जातील. केलंस का रे बाबा स्वतः? एकदा तरी बसून, पहिलीपासून शेवटपर्यंत केलंस का? मी पुस्तिका भिंतीवर फेकली. टाचणी सुटली आणि पानं पलंगाखाली गेली. मग ती मीच गुडघ्यावर बसून गोळा केली, कारण पान १३ वर 'अडचणी' आहेत.

हिच्याकडे बोलण्यासारखा आवाज उरला नव्हता. वहीकडे बोट दाखवलं फक्त. म्हणून लिहितोय. लिहून राग कमी होत नाही, हेही लिहून ठेवतो.

शुक्रवार, १४ मार्च

हेल्पलाइन. पन्नास मिनिटं संगीत. मग एक तरुण माणूस.

मी पायरी ५ सांगितली, पायरी ११ सांगितली, आकृती ४ सांगितली. तो म्हणाला, "सर, तुम्ही पुस्तिका नीट वाचा."

मला! मी त्याला काय काय म्हणालो ते लिहीत नाही. फोन त्याने ठेवला की मी आपटला, हेही आठवत नाही. वळून बघतो तर ही हसत होती. घशावर हात धरून, आवाज न करता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"काय झालं हसायला?"

घोगऱ्या आवाजात म्हणाली, "दोन नंबरचा पंप आठवतो? त्याचा व्हॉल्व्ह तुम्ही लोकांनी मागच्या बाजूला नेला होता. पुस्तिकेत पुढेच राहिला. कुठल्या तरी गावाहून एका मेकॅनिकचा फोन आला होता, हात भाजला म्हणून. मीच जोडून दिला तुम्हाला. तुम्ही काय म्हणालात माहितीये?"

"मी काय म्हणालो?"

"'पुस्तिका नीट वाचा.' आणि फोन ठेवलात. तो बिचारा तसाच लाइनवर होता. मग मीच त्याला सांगितलं, मागे बघा म्हणून."

मला असं काही आठवत नाही. व्हॉल्व्ह मागे नेला होता हे खरं. पण जुन्या पुस्तिकांचा साठा होता. स्टोअरवाले साठा संपल्याशिवाय नवी छापू द्यायचे नाहीत, तशी पद्धतच होती. मी फक्त सही करायचो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही.

असो. पान १३, अडचण ४: 'रेकॉर्डिंग दिसत नसल्यास प्रोग्राम पूर्णपणे काढून टाका व पायरी १ पासून पुन्हा बसवा. काळजी नको, तुमची रेकॉर्डिंग आवाज फोल्डरमध्ये सुरक्षित राहतील.' हे मला पटलं. आमच्याकडेही हेच. पंप कुठे अडलाय कळत नसेल, तर ठोकाठोक करायची नाही. पूर्ण खोलायचा आणि पहिल्या पायरीपासून बसवायचा. मी दुपारी तेच केलं. काढताना पडद्यावर प्रश्न आला: 'या प्रोग्रामची सर्व माहितीही काढायची का?'

ही मागे उभी होती. "थांबा. सर्व म्हणजे कुठली?"

"पुस्तिकेत लिहिलंय, 'होय' दाबा."

"उद्या पुतणी येतेय. एक दिवस थांबा."

"एक दिवस थांबा, एक दिवस थांबा! दिवस आहेत का आपल्याकडे?" मी ओरडलो आणि 'होय' दाबलं. अर्धवट काम मला जमत नाही.

यावेळी बसवायला फक्त वीस मिनिटं लागली. हात बसलाय आता. फोल्डर अजून रिकामाच आहे, पण उद्या पुतणी बघेल. प्रोग्राम मात्र अगदी नव्यासारखा चालतोय. पहिल्याच पानावर येतं, 'सुरुवात करा. ३५० पैकी ०.'

शनिवार, १५ मार्च

पुतणी सकाळी आली. माइकमध्ये "एक दोन तीन" म्हणाली, पडद्याच्या तळाशी आलेली ती करडी ओळ वाचली आणि त्या जागी गेली. कुठल्या कुठे, फोल्डरच्या आत फोल्डर, त्याच्या आत आणखी एक, आणि मधला तर लपवलेला. तिथे एकच फाइल होती. तिचीच, एक दोन तीन.

"काका, हा फोल्डर काल दुपारी तयार झालाय," ती म्हणाली. "काल दुपारी तुम्ही काय केलंत?"

कंपनीने प्रोग्राम नवा केला, तेव्हा रेकॉर्डिंग साठवायची जागा बदलली होती. पुस्तिका जुन्या प्रोग्रामची. काल दुपारपर्यंत तिथे साडेतीनशे फाइल होत्या. सगळ्या. माकडाची छत्रीसुद्धा.

पुतणीने संध्याकाळपर्यंत खटपट केली. पुसलेलं परत आणायचे काही प्रोग्राम असतात म्हणे. काही मिळालं नाही.

मीच पुसलं.

रविवार, १६ मार्च

पुन्हा सुरुवात केली. तीन दिवसांत साडेतीनशे होणार नाहीत हे मला कळतं, मला तक्ता करता येतो. पण जेवढी होतील तेवढी.

अकराव्या वाक्यापाशी हिचा आवाज फाटला. प्रोग्रामने लाल खूण दाखवली, 'पुन्हा म्हणा'. म्हणाली. पुन्हा लाल. पुन्हा म्हणाली. पुन्हा लाल. मी म्हणालो, "अगं नीट म्हण ना जरा!"

असं मी म्हणालो. ते इथे लिहून ठेवतो, म्हणजे नंतर 'मला आठवत नाही' म्हणता यायचं नाही.

ही उठली. माझ्या मांडीवरची पुस्तिका मिटली, माझ्या हातात दिली, मला दंडाला धरून दाराबाहेर नेलं. "बाहेर बसा," म्हणाली. "आणि मी बोलावल्याशिवाय आत यायचं नाही." दार लावलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

मी दाराला कान लावला. पुटपुटल्यासारखं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. मध्येच थांबायची, पाणी प्यायची, पुन्हा. पुतणी आत होती. तिला जाऊ दिलं होतं. एकदा दोघी हसल्या.

साडेसदतीस वर्षांच्या संसारात मला आमच्याच खोलीबाहेर काढलं गेलं. आणि चूक कुणाची, तर ज्याने पायरी ५ लिहिली त्याची! मी हे दारातून ओरडून सांगितलं. आतून पुतणी म्हणाली, "काका, ते रेकॉर्ड झालं."

सोमवार, १७ मार्च

बोलायच्या बाईंकडे एकटाच गेलो. तक्ता घेऊन.

त्या म्हणाल्या, निदान शंभर वाक्यं तरी हवीत, त्याशिवाय मशीन आवाज शिकू शकत नाही. पण जी वाक्यं साठवली असतील, ती जशीच्या तशी टॅबच्या बटणांवर लावता येतील. बटण दाबलं की ते वाक्य. नवं वाक्य मात्र नाही. नवं काही बोलायचं असेल, तर बाजारातल्या मशीनचा आवाज.

मग म्हणाल्या, "वाईट वाटतं हो. तुमच्याआधी आणखी दोघांचं असंच झालं."

"दोघांचं? मग तुम्हाला माहीत होतं?"

"कंपनीला कळवलंय मी."

"आणि पुस्तिका? तीच का देता मग?"

"छापील होत्या ना पन्नासेक," त्या म्हणाल्या. "कंपनी म्हणाली, संपल्या की नवी पाठवू."

मी ओरडायला तोंड उघडलं. खुर्चीचा हात धरून उभा राहिलो होतो. बाहेर रांगेतली माणसं बघत होती. आणि मला त्या मेकॅनिकचा आवाज आठवला. शुक्रवारी मी इथे लिहिलं की आठवत नाही. आठवतो. म्हातारा माणूस होता. 'साहेब, मी वाचूनच केलं' असं म्हणत होता.

मी बाईंच्या टेबलावरून उरलेल्या पुस्तिका उचलल्या. सतरा होत्या. "या मी नेतो," म्हटलं. त्या नको म्हणाल्या नाहीत.

आल्यापासून पेनाने दुरुस्त्या करतोय. पायरी ५ खोडली. पायरी ११ खोडली. अडचण ४ वर काळी शाई फिरवली, पान फाटेपर्यंत. आतल्या खोलीत हिची पुटपुट चालूच आहे. काय म्हणतेय विचारलं, तर म्हणाली, "कळेल."

मंगळवार, १८ मार्च

संध्याकाळी रुग्णालयात दाखल. खाटेशेजारचा दिवा लुकलुकतो. वॉर्डातल्या नर्सला सांगितलं, तिने लिहून घेतलं, आली कुणी नाही.

आमच्याकडे बोलायला पूर्ण संध्याकाळ होती. मी पिशवीतल्या वस्तूंची यादी दोनदा तपासली.

बुधवार, १९ मार्च

ऑपरेशन साडेसहा तास चाललं. सर्जन म्हणाले, सगळं मनासारखं झालं. ही अजून शुद्धीवर नाही.

एक गोष्ट आजच लिहून ठेवायला हवी, नाहीतर मी ती दडवेन. सकाळी ट्रॉलीवरून हिला नेताना माझ्या हातात एक फॉर्म होता. त्यात हिचं वय चुकीचं लिहिलेलं. मी काउंटरवरच्या कारकुनाशी भांडत होतो. ट्रॉली मागून गेली. ही काहीतरी म्हणाली, मला ऐकू आलं की ही काहीतरी म्हणाली, आणि मी न वळता "हो हो, आलोच" म्हणालो. वळलो तेव्हा लिफ्टचं दार बंद होत होतं.

काय म्हणाली ते मला माहीत नाही. वॉर्डबॉयला विचारलं, त्याचं लक्ष नव्हतं. त्या कारकुनाचा मला जितका राग आला, तितका त्या पुस्तिकेचाही आला नव्हता. आणि तो बिचारा वय दुरुस्तच करत होता.

शनिवार, ५ एप्रिल

मधले दिवस लिहिले नाहीत. ओरडण्यासारखं पुष्कळ होतं, वेळ नव्हता. ही गुरुवारी घरी आली. मानेला पट्टी आहे, गिळताना दुखतं, पण गिळते. सर्जन खूश आहेत.

पुतणीने टॅब लावून दिला. एकूण त्रेचाळीस बटणं. मी सगळी तपासली आणि माझं मत असं, की मिळालेल्या वेळाचा हिने काहीही उपयोग केलेला नाही. पुस्तिकेच्या पान १० वर उपयोगी वाक्यांची यादी आहे: होय, नाही, पाणी हवे, डॉक्टरांना बोलवा. ती हिने वाचलीसुद्धा नाही. 'होय' नाही. 'नाही' नाही. त्याऐवजी हे असलं: 'गोळी घेतलीत का?' 'मफलर.' 'त्या माणसाला आता सोडा, चला घरी.' 'माझं ऐकून होऊ द्या, मग ओरडा.' 'नळाला प्लंबर बोलवा, तुमच्याने होणार नाही.' 'थांबा, एक चिडलेले साहेब आलेत.' आणि एका बटणावर तर नुसतं हसणं आहे. १६ तारखेला दाराआड दोघी हसल्या, तेव्हाचंच असणार.

त्रेचाळीसपैकी एकोणचाळीस वाक्यं माझ्याशीच बोलायची आहेत. डॉक्टरांशी काय बोलणार, पाहुण्यांशी काय बोलणार, याचा काही विचार? मी हे हिला म्हटलं. हिने खांदे उडवले.

पहिल्या बटणाला नाव दिलेलं नाही. तिथे बाण आहे फक्त. दाबायला गेलो, तर हिने हात बाजूला सारला. वेळ आली की दाबीन, अशी खूण केली.

सोमवार, ७ एप्रिल

माझी पुस्तिका पुरी होत आली. पहिल्यापासून नव्याने लिहिली, पुतणीच्या जुन्या लॅपटॉपवर अकरा वेळा प्रोग्राम बसवून आणि काढून. पहिल्याच पानावर चौकटीत: रेकॉर्डिंग नेमकी कुठे जातात. दुसऱ्या पानावर: पहिलं वाक्य झालं की थांबा, ते वाजवून बघा, मगच दुसरं. बोलायच्या बाई म्हणाल्या, कंपनीच्या परवानगीशिवाय देता येणार नाही. मी म्हटलं, तुम्ही देऊ नका, मी दाराबाहेर उभा राहून देईन. मला कोण अडवतंय ते बघतो.

आज सकाळी माझ्या पुस्तिकेचीच शेवटची पानं तपासायला बसलो, तर वाचायचा चष्मा सापडेना. टेबलावर नाही, खिशात नाही, लॅपटॉपमागे नाही. या घरात एक वस्तू जागेवर राहील तर शपथ! हे मी दोन्ही खोल्यांतून फिरत मोठ्याने म्हणालो. कुणी आवरलं होतं टेबल? सांगून आवरायला काय होतं? इतक्या दिवसांचं काम अडलंय आणि मी इथे—

स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला.

"मी म्हटलं होतं, खाली बघा."

घोगरा, मध्येच फाटलेला, १६ तारखेचा आवाज. वाक्य संपल्यावर मागून दारापलीकडचा माझा आवाजही येतो, अगदी बारीक, पायरी ५ वरून ओरडणारा. ही दारात उभी होती, टॅब पोटाशी धरून, बोट अजून त्या बाणावर.

मी खाली बघितलं. चष्मा तिथे नव्हता. पण मी बराच वेळ खालीच बघत उभा राहिलो.